शिंपेईचे एकोणचाळीस भाग

"हेलन, हा पोरगा खरंच मरतो का?"

डग मेरिलने पेन्सिलीचं टोक टीव्हीच्या काचेवर टेकवलं. काचेमागे शिंपेई नावाचा बारा वर्षांचा मुलगा लोखंडी पंख लावून फुटलेल्या धरणाच्या तोंडाशी उभा होता. लुईसने कॅसेट थांबवली होती, त्यामुळे पाणीही जागच्या जागी थांबलं होतं.

माझं नाव हेमलता. डगला ते पहिल्याच दिवशी लांब वाटलं, म्हणून त्याने कापलं. कापणं हा त्याचा धंदाच होता, त्यामुळे मी ते मनावर घेतलं नाही. निदान घेतलंय असं दाखवलं नाही.

"मरतो," मी म्हणाले. "सव्विसाव्या भागात. धरणाखालचं गाव वाचवताना वाहून जातो. तीन महिन्यांपूर्वी मी तुला सगळं लिहून दिलंय."

"ते मी वाचलं नाही," डग म्हणाला. वर्तमानपत्रातलं हवामान वाचलं नाही, असं सांगावं तितक्या सहज.

ही १९८५ सालची गोष्ट. लॉस एंजेलिसच्या एका उपनगरात, सतरंज्या-गालिचे विकणाऱ्या दुकानाच्या मागच्या अंगाला आमचा स्टुडिओ होता. जपानहून आणलेली कार्टून मालिका अमेरिकन मुलांसाठी 'तयार करणं' हे तिथलं काम. मी पुण्यात संध्याकाळच्या वर्गाला जाऊन सहा वर्षं जपानी शिकले होते. एखाद्या कंपनीत दुभाषी व्हायचं माझ्या मनात होतं. लग्न झालं, मुकुंदबरोबर इकडे आले, आणि त्या जपानीचा उपयोग करणारा जो एकमेव माणूस मला भेटला, तो डग. त्याआधी तो कुत्र्यांच्या बिस्किटांच्या जाहिराती करायचा. त्याच्या दृष्टीने कामात फार फरक पडला नव्हता.

मूळ मालिका मोठी सुरेख होती. मिदोरी आणि शिंपेई ही बहीण-भावंडं. वडिलांनी मरण्यापूर्वी बनवलेले चतुराच्या पंखांसारखे लोखंडी पंख लावून ती दोघं उडतात आणि संकटातल्या माणसांना सोडवतात. बावन्न भाग होते. एकेका भागाची मी एकेक वही केली. कोण काय बोलतं, का बोलतं, जेवणापूर्वी हात का जोडतात, सगळं त्यात लिहिलं. एक दिवस पाहते तर लुईसच्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली माझी चौथी वही. "अगदी बरोबर जाडीची आहे," लुईस म्हणाला. लुईस हा आमचा संकलक. स्वभावाने वाईट नव्हता, म्हणून त्याच्यावर रागावताही येईना.

डगची पद्धत साधी होती. तो आवाज बंद करून चित्रं पाहायचा आणि ओठांची उघडझाप मोजून तोंडाला येईल ते लिहायचा. मिदोरीची मँडी झाली, शिंपेईचा स्कूटर झाला, आणि मालिकेचं नाव 'रॉकेट ट्विन्स' ठेवलं. मिदोरी शिंपेईपेक्षा पाच वर्षांनी मोठी आणि चांगली हातभर उंच. "ही जुळी कशी?" मी विचारलं. "मुलं मोजत नाहीत," डग म्हणाला.

'मुलं' या विषयावर त्याची अशी बरीच वाक्यं होती. मुलं मोजत नाहीत, मुलं ऐकत नाहीत, मुलांना गप्प चित्र चालत नाही. त्याला स्वतःला मूल नव्हतं. त्याच्यावर चॅनेल, आणि चॅनेलची एक यादी होती. कुणी मरायचं नाही. कुणी चार सेकंदांपेक्षा जास्त रडायचं नाही. विमान पाडलं तर छत्र्या उघडून माणसं खाली उतरलेली दाखवायची, आणि चित्रात छत्र्या नसतील तर कुणीतरी "सगळे सुखरूप उतरले बरं का" असं ओरडायचं. धरण फुटून जे गाव वाहून जातं, ते डगच्या आवृत्तीत त्या दिवशी सहलीला गेलेलं होतं. अख्खं गाव, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट.

तर त्या सकाळी प्रश्न शिंपेईचा होता. त्याला सहलीला पाठवता येईना, कारण तो चित्रातच बुडत होता.

"चंद्रावर शाळा आहे," डग विचार करून म्हणाला. "स्कूटरला तिथे शिष्यवृत्ती मिळते. बुडायच्या आत यान येतं आणि त्याला उचलतं. लुईस, एखादं यान शोध."

"आणि पुढचे भाग? त्यात तो कुठेच नाही," मी म्हणाले. "पुढच्या भागात मिदोरी एकटी आहे."

"तो चंद्रावरून फोन करेल. भिंतीवरच्या पडद्यावर दिसेल. दर भागात एकदा."

लुईसने नवव्या भागातला एक तुकडा शोधून काढला. शिंपेई आगगाडीच्या खिडकीतून हात हलवतो आणि काहीतरी सांगतो. खिडकीभोवती लुईसने टीव्हीची चौकट बसवली. झाला फोन. हात तीनदा हलतो, केस उजवीकडे उडतात, ओठ सात वेळा उघडतात. चंद्रावर वारा कुठून आला, हे विचारायचं नाही. दर भागात तोच हात, तेच केस, फक्त वाक्य नवं.

हे सगळं मी गिळलं असतं. पण सत्ताविसावा भाग मला गिळता येईना. मूळ भागात मिदोरी धरणावरून घरी येते. काही बोलत नाही. सवयीने दोन वाडगे मांडते, दुसऱ्या वाडग्याकडे थोडा वेळ पाहते, आणि तो परत फळीवर ठेवते. सव्वा मिनिट, एक शब्द नाही. वही लिहिताना याच ठिकाणी माझं पेन थांबलं होतं आणि मी मोठ्याने रडले होते. डगने त्या सव्वा मिनिटात एका यांत्रिक कुत्र्याची बडबड भरली. वाडगा परत ठेवताना कुत्रा म्हणतो, "मँडी, पुन्हा डाएट वाटतं?"

"डग," मी म्हणाले, "तिचा भाऊ मेलाय."

"तिचा भाऊ चंद्रावर आहे."

"मुलांना कळेल. तेच तेच चित्र दर वेळी पाहून कळेल त्यांना. तू त्यांना गाढवं समजतोस. आपल्या माणसाचं काय झालं, हे मुलाला कळायचा हक्क आहे, आणि तो हक्क मारणारा माणूस भेकड असतो."

मी बरंच बोलले. कुत्र्यांच्या बिस्किटांचाही उल्लेख आला. लुईस वायरी गुंडाळायला लागला. डग मात्र चिडला नाही. तो म्हणाला, "ठीक आहे, मुलांनाच विचारू. शनिवारी आठ मुलं आणतो. सव्विसावा आणि सत्ताविसावा भाग दाखवतो. त्यातल्या एकाला जरी संशय आला, तर मी चॅनेलशी भांडेन. तो मरेल, आणि ते वाडग्यांचं तू म्हणतेस तसं, बिनकुत्र्याचं. एकालाही नाही आला, तर तू पुन्हा हा विषय काढायचा नाहीस."

मी लगेच कबूल झाले. आठांतलं एक मूल माझंच असणार होतं. माझी केतकी तेव्हा आठ वर्षांची होती आणि तिच्या नजरेतून काही सुटत नसे. तिला काही पढवून न्यायचं नाही, असं मी ठरवलं. तेवढा प्रामाणिकपणा माझ्या अंगी आहे, असं मला त्या दिवशी वाटत होतं.

*

आता घरचं सांगते.

माझे वडील, अप्पा, वाईच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. आम्ही इकडे आलो तेव्हा केतकी चार वर्षांची होती. तिचं मराठी जाऊ नये म्हणून अप्पांनी टपालातून शाळा काढली. महिन्याला एक पत्र. आधी बाराखडी, मग छोटे शब्द, मग जोडाक्षरं. आणि प्रत्येक पत्राच्या तळाशी एक कावळा. छत्री धरलेला कावळा, सायकलवरचा कावळा, भजी तळणारा, चष्मा हरवलेला. केतकी पत्र उलटं धरून आधी कावळा पाहायची. एकदा काढलेला कावळा अप्पांनी पुन्हा कधी काढला नाही.

फेब्रुवारीत दादाची, माझ्या भावाची, तार आली. अप्पा गेले. आमचे इथे कायम राहण्याचे कागद तेव्हा सरकारदरबारी अडकलेले होते, देश सोडून जाता येत नव्हतं. मी गेले नाही. केतकीला तापातून उठून चारच दिवस झाले होते. मुकुंद म्हणाला, "आठवड्याने सांगू." मीही म्हटलं, आठवड्याने.

आणि तारेनंतर अकराव्या दिवशी अप्पांचं पत्र आलं. आजारी पडण्याआधी त्यांनी टाकलेलं. केतकीनेच ते पेटीतून काढलं आणि नाचत घरात आली. या खेपेला कावळा झोपाळ्यावर बसला होता. तिला त्या क्षणी काय सांगायचं होतं, ते ज्याला सुचेल त्याने खुशाल मला नावं ठेवावीत.

महिन्याभराने दादाचं सविस्तर पाकीट आलं. दहाव्याला कावळा शिवेना, असं त्याने लिहिलं होतं. तासभर सगळे घाटावर उभे. जमीन, घर, बहिणी, सगळ्यांची नावं घेऊन झाली. शेवटी दादा म्हणाला, 'अप्पा, केतकीची जोडाक्षरं अपुरी राहणार नाहीत,' आणि कावळा आला, पिंडाला शिवला.

ते पत्र वाचून मी एक कोरा कागद घेतला आणि अप्पांच्या वळणाने लिहायला बसले. 'चि. केतकीस अनेक आशीर्वाद.' अप्पांचं वळण मला येतं, लहानपणी गिरवलेलंच होतं. दादाच्या पाकिटातून आजोबांचा कागद आला, असं मी तिला सांगितलं. दिलेला शब्द पाळतेय, असं स्वतःला सांगितलं. फक्त कावळा मला येईना. मी चित्रकलेत पहिल्यापासून ढ. मग जुनं पत्र खिडकीच्या काचेला लावायचं, वर नवा कागद धरायचा आणि उजेडात गिरवायचं. तीन वर्षांपूर्वीचा छत्रीवाला घेतला, कारण इतकं जुनं तिला आठवणार नाही असं वाटलं. पुढच्या महिन्यात सायकलवाला. मग पुन्हा छत्रीवाला, कारण तो सोपा होता.

अशी आठ पत्रं झाली. सकाळी मी खिडकीला कागद लावून कावळा गिरवायची आणि दुपारी स्टुडिओत जाऊन डगला भेकड म्हणायची. दोन्ही कामं मी सारख्याच मनोभावे केली. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध आहे, असं माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. सहा वर्षं जपानी शिकलेल्या बाईच्या डोक्यात.

*

शनिवारी सकाळी गालिच्याच्या दुकानदाराने एक मोठा गालिचा जमिनीवर अंथरून दिला आणि त्यावर आठ मुलं बसली. दुकानदाराची तीन, लुईसच्या दोन नाती, डगचे दोन भाचे आणि केतकी. डगने आधीच सगळ्यांना डोनट वाटून ठेवले. मुलांचं निःपक्षपाती मत मिळवायची त्याची ही रीत.

केतकीला मी घरी मिदोरी-शिंपेईच्या गोष्टी सांगत असे, खऱ्या नावांनिशी. नवव्या, आगगाडीच्या भागाची कॅसेटही तिने माझ्याबरोबर पाहिली होती. पण धरणाच्या अलीकडेच मी थांबले होते. पुढचं नंतर सांगीन म्हटलं होतं.

धरण फुटलं. यान आलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग मिदोरी घरी आली, वाडगे मांडले, कुत्रा बडबडला, आणि भिंतीवरच्या पडद्यावर शिंपेईने हात हलवला. तीनदा. "हाय मँडी, चंद्रावर मस्त आहे," असं काहीतरी म्हणाला. मुलं हसली. डगने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या.

केतकी हसली नाही. ती पडद्याकडे एकटक पाहत होती. मग तिने मान वळवून मागे, मी उभी होते तिकडे पाहिलं. मला इतका आनंद झाला. हिला कळलं, म्हटलं. जिंकलो. आमची नजर भेटली तशी ती चटकन हसली, छान तोंडभर, आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

नंतर मुलांना कार्डं दिली. त्यावर तीन चेहरे होते, हसरा, मख्ख आणि रडका. हव्या त्या चेहऱ्यावर खूण करायची, आणि खाली दोन ओळी लिहायच्या. मुलं लिहून बाहेरच्या आवारात पळाली. डग, लुईस आणि मी टेबलाशी बसलो. माझी चौथी वही पायाखाली होतीच.

डग एकेक कार्ड मोठ्याने वाचत गेला. हसरा. 'कुत्रा आवडला.' हसरा. 'यान आवडलं.' हसरा. 'मला चंद्रावरच्या शाळेत जायचंय.' "सहा, सात," डग मोजत होता. आठवं कार्ड त्याने हातात फिरवून पाहिलं आणि माझ्यापुढे सरकवलं.

"हे तुमच्या लिपीत आहे. खूण हसऱ्यावर केलीय. काय लिहिलंय?"

केतकीचं अक्षर अजून मोठं आणि गोल होतं. मी वाचलं.

'शिंपेई मेला आहे. तेच चित्र परत लावलं आहे. पण मिदोरीला सांगू नका मला कळलं. तिला वाटतं मला माहीत नाही. तिला वाईट वाटेल.'

खाली एक कावळा होता. छत्री नाही, सायकल नाही. असा कावळा अप्पांनी कधी काढला नव्हता आणि मीही गिरवला नव्हता. त्याच्यासमोर पान होतं, आणि पानावर भाताचा एक गोल गोळा. कावळ्याची चोच त्या गोळ्याला लागलेली होती.

"काय म्हणते?" डग म्हणाला. "संशय आला का तिला?"

मला फक्त वाचून दाखवायचं होतं. जे लिहिलंय ते, आहे तसं. भाषांतर करणाऱ्या माणसाचं तेवढंच काम, आणि डगला गेले सहा महिने मी तेच ऐकवत होते. मी वाचून दाखवलं असतं, तर शिंपेई मेला असता आणि मिदोरीला तिचं सव्वा मिनिट परत मिळालं असतं. मी ते कार्ड पालथं घातलं.

"आवडलं म्हणतेय," मी म्हणाले. "फार आवडलं. कावळा तिचा आवडता पक्षी आहे."

"आठपैकी आठ," डग म्हणाला आणि त्याने टेबलावर थाप मारली.

लुईसने माझ्याकडे पाहिलं. त्याला मराठी येत नव्हतं, पण तो दिवसभर माणसांचे चेहरे कापायचा आणि जोडायचा. चॅनेलला पासष्ट भाग हवे होते, म्हणून डगने जुन्या तुकड्यांतून आणखी तेरा भाग शिवले. मेल्यानंतर शिंपेई एकोणचाळीस भाग जगला. दर भागात त्याने तीनदा हात हलवला. पत्र्याच्या डब्यांवर, दप्तरांवर, कुठेकुठे त्याचं हसरं चित्र आलं. मी तो विषय पुन्हा काढला नाही.

*

घरी जाताना केतकी माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर कागदात गुंडाळलेला अर्धा डोनट. दोन सिग्नल गेले. गाडी चालवताना माणसाला समोर पाहावं लागतं, ही मोठी सोय असते.

"कधीपासून माहीत आहे तुला?" मी विचारलं.

तिने डोनटचा कागद नीट दुमडला. मग म्हणाली, "उन्हाळ्याच्या सुट्टीपासून."

"कुणी सांगितलं? बाबांनी?"

"नाही. तुझ्या कपाटात मामाचं पत्र होतं. त्यात 'कावळा' लिहिलेलं दिसलं. मला वाटलं आजोबांची नवी गोष्ट आहे. म्हणून वाचलं." मग ती म्हणाली, "जोडाक्षरं कठीण होती. पण वाचलं सगळं."

मी गाडी बाजूला घेतली. एका बंद पेट्रोल पंपासमोर उभी केली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू खिडकीशी काढायचीस ना कावळा," ती म्हणाली. "मी दारातून पाहायचे. तू इतकं नीट काढायचीस. मग मी आजोबांचं पत्र आलं म्हणून नाचायचे."

म्हणजे चार महिने ती मला नाचून दाखवत होती. मी रडायला लागले. चार सेकंदांच्या कितीतरी पुढे. केतकीने डोनट डॅशबोर्डवर ठेवला आणि माझ्या दंडावर हात ठेवून बसून राहिली. ती रडली नाही. तिचं रडून झालं होतं, उन्हाळ्यात, एकटीने, आणि मी शेजारच्या खोलीत शिंपेईच्या हक्कासाठी वही लिहीत बसले होते.

बऱ्याच वेळाने मी डोळे पुसले. "आता पत्र नाही येणार," मी म्हणाले. "मी नाही लिहिणार पुन्हा."

"लिही ना," केतकी म्हणाली. "मामाने सांगितलंय ना आजोबांना. अजून 'क्ष' आणि 'ज्ञ' राहिलेत." मग खिडकीबाहेर पाहत, मला फार लागू नये अशा बेताने म्हणाली, "फक्त कावळा मी काढत जाईन. तुला नाही जमत."